उंदरानं खाल्लेलं वर्ष

माझ्या धाकट्या भावाचं वर्ष
काल रात्री उंदरानं खाल्लं.

खोटं नाही सांगत.
पुस्तक उशाशी घेऊन निजलो होतो
विटांच्या उबदार ओट्यावर,
ज्याच्या पोटात चूल पेटते
आणि पाठीवर आम्ही झोपतो.
बाहेर फेन नदी गोठून पडलेली,
आत पानापानात कुरतड कुरतड.

पुस्तक आत्यानं केलेलं.
बारा पानं, बारा जनावरं,
लाल दोऱ्यानं शिवलेली,
गव्हाच्या खळीनं चिकटवलेली.
(खळ कुणाला आवडते, ते आता कळलं.)
पहिल्या पानावर तिनं लिहिलं होतं :

   शर्यत लागली नदीच्या काठी,
   उंदीर बसला बैलाच्या पाठी,
   पैलतीर येताच मारली उडी,
   सगळ्यांत पहिली इवली कुडी!

त्या कुडीच्या जागी आता भोक.
नाक गेलं, मिशा गेल्या, दोन्ही कान गेले,
शेपटी तेवढी उरली पानाच्या कडेला,
कुणी विसरलेल्या दोऱ्यासारखी.

बोलिननं भोकाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
"वर्षच नाही, तर मी जन्मलो कधी?"
आणि भोकाड.

शेजारचा दाचुआन म्हणाला, "आता तू मांजराचा!"
मांजराला तर पुस्तकात जागाच नाही.
भोकाड दुप्पट.

मी म्हटलं, "माझं माकड घे. अर्धं."
"नको. तुझं माकड चोर आहे."
आईनं आपला कुत्रा देऊ केला,
चांगला राखणदार, कान उभे असलेला.
"नको. त्याला माझा वास ओळखू येणार नाही."
बाबांचा ट्रक बर्फात कुठंतरी अडकलेला,
तिथून त्यांनी फोनवर
आपल्या कोंबड्याची बांग दिली,
इतकी मोठी, की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले.
बोलिन जरासा हसला.
मग आठवलं, आणि पुन्हा रडला.

रात्री मी टॉर्च लावला,
भोकाला डोळा लावला.
पलीकडून बैल बघत होता.

"बोलिन, ये. हा बघ बैल.
पहिला नंबर रिकामा आहे,
एक पाऊल टाकलं की त्याचाच.
तरी जागचा हलत नाही."
"का?"
मला काय माहीत का!
पण माकडाच्या वर्षातल्या मुलीला
उत्तर नाही असं कधी होतं का?
"उंदराचं वजन ते केवढं,
चढला तरी बैलाला कळत नाही,
उतरला तरी कळत नाही.
त्याला वाटतंय, अजून कुणी बसलंय पाठीवर."

बोलिन बराच वेळ गप्प.
"मग... बसला असेलही."

दुसऱ्या दिवशी आईनं कणीक मळली.
नव्या वर्षाची पिठाची जनावरं :
कात्रीनं टोचे काढलेली साळू,
लाल बोरं पोटात घेऊन बसलेला ससा.
बोलिननं उंदीर वळला,
डोळ्यांना काळ्या घेवड्याचे दोन दाणे.
वाफेत तो फुगला, फुगला,
आणि झाकण काढलं तर डुक्कर!
पहिला निघाला होता,
शेवटच्या नंबरात पोचला.

आई हसून हसून ओट्यावर टेकली.
बोलिन नाही हसला.
त्यानं ते डुक्कर-उंदीर फुंकर घालून निववलं,
भिंतीच्या बिळाशी ठेवलं,
आणि वाकून कुजबुजला,
"हे खा. पुस्तक नको.
त्यात बैल वाट बघतोय."

सकाळी बिळाशी काही नव्हतं.
नाही, होतं :
घेवड्याचा एक दाणा. एक डोळा.
त्याला तो नसेल आवडला,
किंवा मुद्दाम ठेवला असेल.
यावर आमचं अजून भांडण चालू आहे.

तो दाणा बोलिननं भोकात बसवला.
आता पुस्तक नीट मिटत नाही,
पहिल्या पानाशी जरा उघडंच राहतं.

आत्या म्हणाली, "दे इकडे, नवं पान लावून देते."
"नको," बोलिन म्हणाला.
मग विचार करून :
"बाकीच्या पानांना मात्र
खळ थोडी कमी लाव."